मोडनिंबला गेलेली माणसं

आमच्या शुक्रवार पेठेतल्या कुटल्याबी बारक्या पोराला इचारा, लढाईत पडलेला राजा शेवटी कुटं गेला? पोरगं सांगतंय, मोडनिंबला. जहाजासंगं बुडालेला कप्तान? मोडनिंबला. इषाचा प्याला पिलेली राणी? ती बी मोडनिंबला, दासीला संगं घिऊन. जगातल्या जुन्या, मोटमोट्या पुस्तकांत शेवटच्या पानावर जेवडी माणसं मरतेत, तेवडी सगळी आमच्या पोरांच्या मतानं मोडनिंबला ऱ्हायला हायत. सोलापूर-पुणे हायवेच्या कडंला. सुखात.

एवडी वस्ती तितं वसवली ती आमच्या सिद्रामप्पांनी. मोडनिंबच्या गावकऱ्यांना ह्यातलं काय म्हाईत न्हाय. म्हाईत झालं तर आदी पाण्याचा प्रश्न काढतील.

सिद्रामप्पा आमच्या समोरच्या घरात ऱ्हातेत. एकटेच. अंगानं काडी, पांढरा शर्ट, खिशाला पेन, आन् आवाज असा की ह्या अंगातनं आला असं कुणी म्हणणार न्हाय. नोकरी सगळी एसटी स्टँडवर गेली, गाड्या पुकारण्यात. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे जे कर्ण्यातनं यायचं, ते आप्पाच. रिटायर होऊन लई वर्सं झाली, पण कर्णा काय उतरला न्हाय. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिसांनी येतंय, आन् कवा येणार ते नळाला बी म्हाईत नसतंय. आप्पा गॅलरीत उबे ऱ्हातेत आन् पुकारतेत, "रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे. टाकीवरून निघालेले, चौकामार्गे शुक्रवार पेठेकडे येणारे पाणी नळावर लागलेले आहे. घागरी घेऊन तयार राहावे." की बायका तव्यावरची भाकरी तव्यावर सोडून पळतेत. माजी बायको म्हणती, "घड्याळ बंद पडलं तरी चालंल, आप्पा बंद पडाय नगं."

आप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. बोलताना मदीच कानडी निसटती. त्यातला एक शब्द तर दिसभर तोंडात, "होगली बिड." म्हंजे जाऊ दे, सोड. भाजीवालीनं सडका टमाटा घातला, होगली बिड. पोरांनी चेंडूनं काच फोडली, होगली बिड. मी त्यांच्या सायकलवर बसलो आन् सायकलचा दांडा मोडला. आप्पांनी सायकलीकडं बगितलं, माज्या पोटाकडं बगितलं, म्हणले, "होगली बिड, बिऱ्या. दोगांचं बी वय झालंय."

बिऱ्या म्हंजे मी. आमी नातेपुत्याच्या बी पलीकडचे, मेंढरंवाले. मी तिसरीतनं भाईर पडलो ते मेंढरामागं. शाळेला माजी आठवण येत नसंल, मला बी तिची येत न्हाय. सोलापूरला आलो तवा राजूशेटच्या केबलमदी वायरी वडायच्या कामाला लागलो. खांबावर चढायचं, वायर वडायची, कुणाच्या तरी टीव्हीवर मुंग्या आल्या की शिव्या खायच्या. एवडंच शिक्षण माजं. आता हा माणूस टीव्हीवर कसा गेला ते सांगतो, कारण मी टीव्हीवर गेलो खरा, पण शेळी म्हणून.

झालं असं. राजूशेटचं एक बारकं चॅनल हाय, आपल्या पेठेपुरतं. जागरण-गोंधळ, लग्नाचे हॉल, वाढदिवसाचे फोटो. रयवारी सकाळी एक तास मोकळा पडायचा. शेट म्हणले, पोरांसाटी कायतरी चांगलं करा, शाळांच्या जाहिराती मिळतील. आप्पा पायऱ्या चढून गेले आन् म्हणले, "माज्याकडं गोष्टी हायत. जगातल्या."

खरंच व्हत्या. गाडीत माणसं काय काय विसरतेत, तुमाला सांगतो. छत्री, डबा, चप्पल. एकजण तर सासू विसरून गेला व्हता, ती बी झोपलेली. आप्पा म्हणायचे, डबा विसरलेला माणूस पळत माघारी येतो, पुस्तक विसरलेला येत न्हाय. अशी बेवारशी पुस्तकं स्टँडवर पडून ऱ्हायची. दोन गाड्यांच्या मदल्या येळात आप्पा वाचायचे. रशियातली, बंगालमदली, इंग्रजांची, संस्कृतातली. कशाला पुट्टा न्हाय, कशावर चहाचा डाग, एकावर तर कुणाच्या तरी लग्नाचा जमाखर्च. मोटमोट्या लेखकांची पुस्तकं म्हणे. मला कुटला लेखक म्हाईत? मी सही करताना बी जीब भाईर काढतो.

कार्यक्रमाचं नाव ठिवलं, 'गोष्टींचा फलाट'. चादरीच्या गोडाऊनवर माडीला जी खोली हाय, तोच स्टुडिओ. चारी बाजूला चादरींचे गठ्ठे, म्हणून आवाज घुमत न्हाय. पयल्या दिशी आप्पा टेबलामागं बसले. समोर नुसता कॅमेरा. आप्पांनी सुरुवात केली, "बालप्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. राजवाड्याहून निघालेली, सेनापतीच्या विश्वासघातामार्गे रणांगणाकडे जाणारी राजाची स्वारी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." आन् गप झाले. टेबलावरनं वाकून कॅमेऱ्यामागं बगितलं. म्हणले, "शेट, माणसं न्हाईत समोर. कुणाला पुकारू?"

मी त्याच येळंला शिडीवर चढून बल्बची वायर जोडत व्हतो. राजाचं काय झालं ते मला खरंच पायजे व्हतं. तोंडातनं निसटलं, "मग काय झालं?"

आप्पांनी वर बगितलं. मान माज्याकडं, आन् गोष्ट जी सुटली ती सुसाट. शेट खुश. मदीच थांबवून म्हणले, बिऱ्या, तुजी हीच ड्यूटी. पण शेटनं माज्या तोंडाकडं नीट बगितलं आन् म्हणले, तू टेबलाखाली बस. मग चादरीच्या एका तुकड्याची शेळी शिवून घेतली. सोलापुरी चादरीची, म्हणून तिच्या पाठीवर मोर आन् फुलं. मी टेबलाखाली, माजा हात शेळीत, शेळी टेबलावर. आप्पा गोष्ट सांगणार, शेळीनं इचारायचं, "मग काय झालं?" मदेमदे बॅ करायचं. ते मातर मला असं जमतंय की पयल्या भागाला गल्लीतली खरी शेळी दारात यिऊन उबी ऱ्हायली. आमच्या घराण्यात तेवडीच एक कला हाय.

अडचण एवडीच, की टेबलाखालनं मला कॅमेरा दिसत न्हाय. त्यामुळं शेळी कायम भलतीकडं बगायची. आप्पा गोष्ट सांगतेत आन् शेळी भिंतीकडं तोंड करून बसलीय, आईबापासंगं भांडून आल्यासारकी. एकदा तर माज्या हाताला मुंग्या आल्या आन् शेळी टेबलावर सपशेल आडवी पडली. आप्पा डगमगले न्हाईत. म्हणले, "तांत्रिक बिघाडामुळे शेळी काही काळ थांबविण्यात आलेली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

पयल्या भागाला तीच राजाची गोष्ट, आन् शेवटाला राजा रणात पडला. आप्पा थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेळीनं इचारलं, "मग काय झालं?"

आप्पा म्हणले, "मग राजा मोडनिंबला गेला."

"आं?" हे शेळी न्हाय म्हणली, मी म्हणलो.

नंतर खाली चहा पिताना मी इचारलं, "आप्पा, त्या पुस्तकात मोडनिंब हाय?"

"नसंल. लिवणारा परदेशातला. त्येला काय म्हाईत मोडनिंब?"

"मग मोडनिंबच का? बार्शी का न्हाय?"

"होगली बिड, बिऱ्या."

मी सोडलं. पुढच्या गोष्टीत कप्तान गेला, त्याच्या पुढच्यात राणी. बर्फात अडकलेला पोस्टमन गेला, तो तर रशियाचा, त्येला तितलं ऊन कसं सोसलं कुणास ठाऊक. आन् खोटं कशाला सांगू, मला सगळं खरं वाटायचं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, "राणी इष पिली आन् मोडनिंबला गेली." बायको म्हणली, "इष पिऊन एसटीत बसली? अवो, मेली असंल ती." मी म्हणलो, "न्हाय, आप्पा सोता म्हणले." बायको माज्याकडं अशी बगत ऱ्हायली, जसं मेंढराच्या कळपात माज्यापेक्षा हुशार कोण कोण व्हतं ते मोजतीय.

पोरं मातर येडी झाली कार्यक्रमापायी. रयवारी सकाळी गल्ली सुनी पडायची. पोरं आपापल्या आयांना जुन्या पुस्तकांतल्या राजांची नावं सांगायची. एका बाईंचा शाळेतनं शेटला फोन आला. म्हणल्या, परीक्षेत प्रश्न घातला व्हता, राजाचा अंत कसा झाला? निम्म्या वर्गानं लिवलंय, राजाचा अंत झाला न्हाय, राजा मोडनिंबला आहे. एकानं तर खाली टीप दिलीय, दर अर्ध्या तासाला गाडी आहे. शेट पोट धरून हसले. आमी बी हसलो. आप्पा बी हसले, पण थोडंच.

मग ईश्वरीची आई आली.

मी, आप्पा आन् शेट स्टुडिओत बसलो व्हतो. बाई पायऱ्या चढून वर आली, एका हातात सात-आट वर्सांची ईश्वरी, दुसऱ्या हातात दप्तर.

"सिद्रामप्पा तुम्हीच का?"

"व्हय बाई. या, बसा की."

"बसायला नाही आले. माझी पोरगी काल स्टँडवर सापडली. एकटी. कंडक्टरकडं मोडनिंबचं हाफ तिकीट मागत होती."

बाईनं दप्तर उगडून टेबलावर ठिवलं. आत एक चपातीची गुंडाळी, शेंगाचटणीची पुडी, आन् एक चष्मा. जाड काचेचा, काडीला दोरा बांदलेला.

"माझ्या सासूबाई दिवाळीच्या आधी वारल्या," बाई म्हणली. "हिला सांगितलं, आजी देवाघरी गेली. ही म्हणती, देवाघरी नाही, मोडनिंबला. टीव्हीत सांगितलंय."

"आजी चष्मा घरीच विसरली," ईश्वरी म्हणली. तिला रडू न्हाय, भ्या न्हाय, नुसती घाई. "तिला बिनचष्म्याचं दिसत नाही. ती तिथं राणीला वगैरे ओळखणार कशी? मी देऊन लगेच परत येणार होते."

आप्पांनी चष्म्याकडं बगितलं. हात पुढं केला आन् माघारी घेतला.

शेट हसायचं इसरले. म्हणले, "आप्पा, बास झालं हे. येत्या रयवारी सरळ सांगायचं. मेला तर मेला. न्हायतर फलाट बंद. उद्या एकादं पोरगं खरंच गाडीत बसलं, तर मी कुटं तोंड दाखवू?"

"आणि हिला तुम्हीच सांगायचं," बाई म्हणली. "आमचं ती ऐकत नाही. आप्पांनी सांगितलंय म्हणती."

मी वाट बगत व्हतो, आप्पा आता म्हणतील, होगली बिड. तसं म्हणलेच न्हाईत. तवा मला कळलं की हे काम जड हाय.

त्या आटवड्यात आमच्या गल्लीत एक अघटित झालं. पाणी आलं आन् आप्पांनी पुकारलं न्हाय. पाणी आलं, गटारातनं वाहून गेलं, सगळी गल्ली आत टीव्ही बगत बसलेली. नंतर बायका घागरी घिऊन आप्पांच्या गॅलरीखाली जमल्या, पण कुणाला वर जायचं धाडस हुईना. माज्या बायकोनं मला ढकललं. "जावा. शेळी हाय की तुमी त्यांची."

आप्पा खुर्चीवर बसलेले. समोर पुस्तक, मिटलेलं.

"आप्पा, पाणी यिऊन गेलं."

"व्हय?"

"तुमी पुकारलं न्हाय."

आप्पा पुस्तकावरनं हात फिरवत म्हणले, "बिऱ्या, गाडी सुटली हे पुकारता येतं. गाडी उशिरा हाय, तेबी पुकारता येतं. मेला, हे पुकारायचा आवाज कुटनं काढायचा?"

"पुस्तकात लिवलंय तसं वाचायचं."

"वाचून बगितलं. भिंतीला बी ऐकू जाईना."

मी म्हणलो, "मी बॅ करू का त्या टायमाला? म्हंजे कुणाला ऐकूच येणार न्हाय." आप्पा हसले. असला सल्ला द्यायला फक्त तिसरी नापास माणूस लागतो.

रयवार आला. ईश्वरी आन् तिची आई स्टुडिओत, चादरीच्या गठ्ठ्यावर बसलेल्या. ईश्वरीच्या मांडीवर दप्तर. शेट कॅमेऱ्यामागं. कार्यक्रम थेट व्हता, म्हंजे सगळी पेठ बगत व्हती. मी टेबलाखाली शिरलो, शेळी वर काढली.

आप्पांनी पुस्तक आणलंच नव्हतं.

"बालप्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ते म्हणले. आवाज तोच, पण हळू. "आजची गोष्ट पुस्तकात आलेली नाही." आन् मग आपल्या नेहमीच्या बोलीत आले. "एक पोरगा व्हता. अक्कलकोटकडचा. तुज्याएवडा, ईश्वरी. त्येची आई आजारी पडली, तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणली. पोरगा मामाच्या घरी. हितंच, शुक्रवार पेठेत. एक दिस सकाळी सगळी मोटी माणसं दाराभाईर उबी. पोरगा इचारतोय, आई कुटाय?"

"मग काय झालं?" शेळी म्हणली. ड्यूटीच ती.

"मामा लई चांगला माणूस. पोराच्या तोंडाकडं बगून त्येला काय सांगता येईना. तेवड्यात रस्त्यावनं एसटी चालली व्हती. पाटीवर लिवलेलं, मोडनिंब. मामा म्हणला, आई मोडनिंबला गेलीय."

"मग काय झालं?"

"पोरगा रोज स्टँडवर जाऊन बसायला लागला. मोडनिंबची गाडी आली की उतरणाऱ्या बायका बगायचा. आईसारकं हिरवं लुगडं दिसलं की उबा ऱ्हायचा. तिकडची माणसं वळखीची झाली. पाऊस झाला का, बोरं आली का, इचारायचा. मोटा झाला. त्येला हळूहळू सगळं कळलं, कुणी न सांगता. तरी जायचा. मग तितंच नोकरीला लागला. गाड्या पुकारायला."

मी टेबलाखाली. एवडा येळ मी बी दुसऱ्या कुटल्या तरी पोराची गोष्ट समजून ऐकत व्हतो. आता डोक्यात उजेड पडला. सगळ्या पेठेत सगळ्यात शेवटी पडला असंल. आता मी इचारायचं व्हतं, मग काय झालं? तोंड उगडलं, तर भाईर आलं ते नुसतं फाटकं बॅ. अर्ध्यातच मोडलेलं.

ईश्वरी हसली. आन् मग तिनंच इचारलं, "मग काय झालं, आप्पा?"

"मग काय न्हाय, बाळा. ती मोडनिंबला नव्हतीच. ती मेली व्हती. दवाखान्यात."

आवाज मोटा नव्हता, पण कापला न्हाय. गठ्ठ्यांच्या त्या खोलीत जितं पोचायचा तितं पोचला.

"आणि राजा?"

"राजा बी मेला. कप्तान बी."

"राणी?"

"राणी बी."

"दासी?"

आप्पांनी आटवून बगितलं. "दासी न्हाय मेली. तिला पुढं काय झालं ते लिवणाऱ्यानं लिवलं न्हाय."

ईश्वरी दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली. "आणि माझी आजी?"

"तुजी आजी बी, ईश्वरी. ती मोडनिंबला न्हाय. मी चुकीचं पुकारलं."

तिच्या आईनं तिला जवळ घेतलं. पोरगी रडली. पण लई न्हाय. आईच्या पदरातनं तोंड काढून म्हणली, "तुमच्या मामानी खोटं सांगितलं. तुम्हाला राग नाही आला?"

"न्हाय गं. माजी आई मला तेवडी वर्सं जास्त मिळाली की. रोज वाटायचं, आज यील." आप्पांनी नाक पुसलं. "पण तो पोरगा कवा गाडीत बसला न्हाय. तू बसायला निगालीस. म्हणून सांगितलं."

कॅमेरा चालूच. कोण रडलं, कुणी नाक पुसलं, ते शेटनं मला नंतर सांगितलं. मला खालनं काय दिसंना, नुसते सगळ्यांचे पाय दिसत व्हते, आन् कुणाचाच पाय हालत नव्हता.

"मग चष्मा कुणाला द्यायचा?" ईश्वरी म्हणली.

मग बारके पाय टेबलाकडं आले. माज्या हातावर, म्हंजे शेळीच्या तोंडावर, कायतरी जड बसलं.

"शेळीला ठेवा," ती म्हणली. "तिला दिसतच नाही. नेहमी भिंतीकडं बघत असती."

पयल्यांदा तिची आई हसली. मग शेट. मग आप्पा. मी काय करणार, बॅ केलं. शेट नंतर म्हणले, त्या दिशी पयल्यांदा शेळी सरळ कॅमेऱ्यात बगत व्हती. मी हात हालवलाच नव्हता. चष्मा पडंल ह्या भ्यानं.

तवापासनं शेळी चष्म्याची झाली. फलाट बंद पडला न्हाय. आता गोष्टींत माणसं मरतेत. आप्पा चष्मा काढतेत, पुसतेत आन् सांगतेत. पण आदीची जी माणसं तिकडं जाऊन बसलीत, त्यांना आता कोण उटवणार? पोरं म्हणतेत, ती मेलीत आमाला म्हाईत हाय, पण ऱ्हाऊ द्या तितंच. ईश्वरी दर रयवारी येती, शेळीचा चष्मा पुसती. आन् पाण्याच्या दिशी आप्पा परत गॅलरीत.

थंडीचे दिस व्हते. मी एकदा सहज इचारलं, "आप्पा, मोडनिंबला आता बोरं लई आली असतील न्हाय?"

"मला काय म्हाईत?"

"म्हंजे? मोटं झाल्यावर बी तुमी कवा गेलाच न्हाय? जल्मभर फुकट पास असून?"

"गेलो, आन् न्हाय दिसली तर?" असं म्हणले आन् आपलं आपणच हसले. एवडा म्हातारा माणूस.

मी बायकोला न इचारता निर्णय घेतला, माज्या आयुष्यातला पयला. दुसऱ्या दिशी दोगं गाडीत बसलो. आप्पा खिडकीला. मोडनिंबला उतरलो. एक रसाचं गुऱ्हाळ, टायरचं दुकान, बोरांच्या पाट्या घिऊन बसलेल्या बायका. बाकी काय न्हाय. आप्पा एका जाग्यावर उबे ऱ्हाऊन सगळीकडं बगत व्हते, सावकाश. मी बी बगितलं. गुऱ्हाळावर एक उंच, मिशाळ माणूस रस पीत व्हता. मला तर तो विश्वासघातकी सेनापतीच वाटला. मी आप्पांना दाखवला. आप्पांनी नीट बगितलं आन् म्हणले, "बरं चाललंय की त्येचं."

तासाभरानं माघारी निगालो. गाडी हालली. तेवड्यात मागनं एक म्हातारी, काठी टेकत, डोक्यावर बोरांची पाटी, एक हात वर करून येताना दिसली. नव्वदीची असंल. डायवरचं लक्ष न्हाय, कंडक्टर तिकिटात. आप्पा ताडकन उबे ऱ्हायले आन् जो आवाज काढला, गाडीतली झोपलेली माणसं उटून बसली.

"थांबवा! मोडनिंबहून येणारी बाई राहिलेली आहे!"

ब्रेक लागला. मी पुढच्या शिटावर आपटलो. आप्पांनी सोता खाली उतरून पाटी वर घेतली, म्हातारीला हाताला धरून चढवलं, आन् आपली खिडकीची जागा दिली. "बसा आई."

ती बसली. धाप लागलेली. आप्पांच्या पांढऱ्या डोक्याकडं बगून म्हणली, "लई वाट बगाय लावली का रं लेकरा?"

"न्हाय, आई. येळेत आलात."

म्हातारीनं पाटीत हात घातला आन् वंजळभर बोरं आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी त्यातली निम्मी मला दिली. माज्या तोंडात सवयीनं आलंच व्हतं, मग काय झालं? पण मी तोंडात बोर टाकलं आन् सोलापूर येस्तवर गप बसलो.